सूक्ष्म-आरएनए आणि अस्थिसंधींची मूलकोशिका-चिकित्सा

सूक्ष्म-आरएनए हे सुमारे २२ न्यूक्लिओटाइडे लांबीचे रेणू होत. त्यांपासून प्रथिन बनत नाही. ते इतर जनुकांच्या संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिननिर्मितीस आवर घालतात. १९९३ मध्ये सूत्रकृमीत लागलेल्या त्यांच्या शोधाबद्दल व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने तिची इजा क्वचितच भरून येते. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये होणारी तिची झीज केवळ घर्षणाने होते, ही समजूत अपुरी आहे. कूर्चेतील ॲग्रिकन हे प्रथिन तोडणाऱ्या एडीएएमटीएस-५ या एंझाइमावर निरोगी अवस्थेत एमआयआर-१४० या सूक्ष्म-आरएनएचे नियंत्रण असते. रोगग्रस्त कूर्चेत त्याचे प्रमाण घटलेले आढळते, व तो काढून टाकलेल्या उंदरांत सांध्यांचा ऱ्हास लवकर सुरू होतो.

अस्थिमज्जेतील मेसेंकायमल मूलकोशिकांपासून अस्थी, कूर्चा किंवा मेद यांच्या कोशिका बनू शकतात. यांपैकी कोणती बनावी, हे ठरण्यातही सूक्ष्म-आरएनएंचा वाटा असतो, उदा., एमआयआर-२०४ अस्थिनिर्मितीस आवश्यक असलेले रनएक्स-२ हे प्रथिन दाबून त्यांना मेदाकडे वळवितो. सांध्यात टोचलेल्या बहुतेक मूलकोशिका फार काळ टिकत नाहीत. त्यांचा परिणाम मुख्यतः त्यांनी स्रवलेल्या द्रव्यांमुळे होत असावा. यांत सूक्ष्म-आरएनए वाहून नेणाऱ्या एक्झोसोम नावाच्या पुटिकाही येतात. एमआयआर-१४० अधिक असलेल्या अशा पुटिकांनी प्रयोगातील घुशींच्या कूर्चेचे रक्षण झाले आहे. माणसाच्या सांध्यासाठी सूक्ष्म-आरएनएवर आधारलेले मान्यताप्राप्त औषध मात्र अद्याप नाही.

मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेसच्या दोन उत्पादनांना भारतात २०१७ मध्ये मान्यता मिळाली. त्यांत रुग्णाच्याच कोशिका वाढवून वापरतात : रक्तपुरवठ्याअभावी मृत होणाऱ्या खुब्याच्या अस्थीसाठी अस्थिजनक कोशिका, तर कूर्चेच्या खाचेसाठी कूर्चाकोशिका. या तयार कोशिका असल्याने त्यांना काटेकोरपणे मूलकोशिका म्हणता येत नाही. बंगलोरच्या स्टेम्प्युटिक्सने दात्यांच्या मज्जेपासून बनविलेल्या मूलकोशिकांना गुडघ्याच्या विकारासाठी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत प्रत्येक रुग्णास २·५ कोटी कोशिका एकदाच टोचल्या होत्या.

रुग्णाच्या कोशिका वापरावयाच्या तर कराडसारख्या शहरात ऊतक काढता आले, तरी ते परवानाधारक प्रयोगशाळेकडे पाठवून काही आठवडे थांबावे लागते. ‘मूलकोशिकांचे इंजेक्शन’ म्हणून त्याच दिवशी दिला जाणारा मज्जेचा वा मेदाचा अर्क यांहून वेगळा असतो. त्यातील मूलकोशिका अत्यल्प असतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यता नसलेली मूलकोशिका-चिकित्सा नोंदणीकृत चाचणीतच करता येते, व चाचणीतील रुग्णाकडून तिचे शुल्क घेता येत नाही.