गोलकीपर म्हणजे उरलेला गडी नव्हे

वर्धा असो की पुलगाव, आर्वी असो की हिंगणघाट. पोरं फुटबॉलला जमली, की ज्याला फारसं पळता येत नाही त्याला गोलात उभं करतात. फुटबॉलमधला सगळ्यांत मोठा गैरसमज इथंच रुजतो.

गोव्यातल्या ताळगावच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांची कारकीर्द त्याला चोख उत्तर आहे. हा गोलकीपर १९८३ ते १९८६ या काळात भारताचा कप्तान होता. १९८३-८४च्या संतोष करंडकात त्यांच्या गोव्यानं मद्रासमधल्या अंतिम सामन्यात पंजाबला १-० असं हरवलं. एका गोलावर करंडक राखायचा, तर पाठीशी तसाच माणूस लागतो. पुढे १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री त्यांना मिळाली. गोलातून कप्तानी जमत नाही म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं: अख्खा खेळ समोर दिसणारा अकरांत तोच एक असतो.

‘त्याला फक्त हातांचं काम’ हेही खरं नाही. १९१२ पर्यंत तो स्वतःच्या अर्ध्या मैदानात कुठंही चेंडू हातानं खेळू शके. आता ती मुभा पेनल्टी क्षेत्रापुरतीच. १९९२ पासून तर सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं दिलेला चेंडूही हातात घेता येत नाही. म्हणजे पाय पक्के हवेतच. आणि नुसत्या उड्यांनी भागत नाही. गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. रेषेवर खिळून राहिलं, तर दोन्ही कोपरे उघडे पडतात. योग्य क्षणी दोन पावलं पुढं आलं, की मारणाऱ्याला गोलच लहान दिसू लागतो. माझ्या मते खरी कला हीच, आणि आपल्याकडं ती कोणी शिकवत नाही.

वयाचं म्हणाल, तर स्कॉटलंडचा क्रेग गॉर्डन पाहा. गुडघ्याच्या दुखण्यानं २०१२ नंतर दोन वर्षं खेळ बंद, मग सेल्टिक क्लबकडून परतला. २०२२ मध्ये पाय मोडला. तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये, ४२व्या वर्षी, डेन्मार्कला ४-२ नं हरवणाऱ्या स्कॉटलंडच्या गोलात तोच होता. त्या विजयानं त्याचा देश १९९८ नंतर प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला.

जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांना विनंती आहे: पुढच्या वेळी संघ निवडताना गोलकीपर सगळ्यांत आधी निवडा.