ज्या सापळ्यात कोणी अडकत नाही

सांगली जिल्ह्यातील कडेगाव, पलूस आणि वाळवा या तीन तालुक्यांच्या सीमेवर सागरेश्वरची डोंगररांग पसरली आहे. पायथ्याशी यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे आणि भोवती उसाची हिरवी शेते. हे डोंगर एकेकाळी उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून आणि ग्रामस्थांच्या श्रमातून तेथे झाडे वाढली, हरणे आणून सोडली गेली आणि १९८५ मध्ये या वनाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. हरणांची संख्या वाढत गेली, जागा मात्र तेवढीच राहिली. कुंपणात फट सापडली की कळप रात्री शिवारात उतरतात.

पहाटे शेतकरी बांधावर येतो, तेव्हा कोवळे शेंडे खुडलेले असतात आणि ओल्या मातीत खुरांची नक्षी उमटलेली असते. येऊन गेले ते चितळ, सांबर, रानडुक्कर, की गावातलेच मोकाट जनावर? वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकहानीची भरपाई शासन देते. परंतु नुकसान नेमके कोणी केले, हे पंचनाम्यात लिहावे लागते. रात्रीच्या या व्यवहाराला साक्षीदार नसतो. ही उणीव हाताच्या पंजाएवढी एक पेटी भरून काढू शकते. तिला ट्रेल कॅमेरा म्हणतात. आपल्याकडील वृत्तपत्रांत ट्रॅप कॅमेरा हे नाव रूढ आहे. नावात सापळा असला, तरी त्यात कोणी अडकत नाही.

या पेटीचे तंत्र साधे आहे. समोरून उष्ण शरीर हलले की तिच्यातील संवेदक तापमानातील फरक टिपतो आणि कॅमेरा आपोआप चालू होतो. रात्री डोळ्यांना न जाणवणाऱ्या अवरक्त प्रकाशात छायाचित्र निघते. म्हणून ते कृष्णधवल असते. प्रत्येक चित्रावर दिनांक आणि वेळ उमटते. झाडाच्या बुंध्याला गुडघ्याच्या किंवा मांडीच्या उंचीवर पट्ट्याने बांधली की झाले. पुढचे काम प्रतीक्षेचे.

पहिल्यांदा कॅमेरा लावणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येते. आठवड्याने कार्ड काढून पाहावे, तर शेकडो चित्रांत वाऱ्याने हललेले गवत, ऊन लागून तापलेली फांदी किंवा भिंगावर जाळे विणणारा कोळी! पेटीचे तोंड पूर्वेला वा पश्चिमेला असेल, तर उगवता-मावळता सूर्यच पुन्हा पुन्हा कळ दाबतो. वैशाखातील दुपारी जमीन प्राण्याच्या शरीराइतकी तापते आणि समोरून गेलेले जनावरही नोंदले जात नाही. घड्याळ लावायचे राहिले, तर साऱ्या नोंदी निरुपयोगी ठरतात. या चुका सुधारत गेले की एखाद्या चित्रात अंधारातून दोन तेजस्वी ठिपके उमटतात. हरणाच्या डोळ्यांतील पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. त्याची ती चमक. मग दिसते मान उंचावून कान टवकारलेली मादी आणि तिला बिलगलेले पाडस. जवळ माणूस नसताना हरिण कसे वावरते, हे माणसाला एरवी दिसणे कठीणच.

या यंत्राचा वंश एका शिकाऱ्यापर्यंत जातो. अमेरिकेतील जॉर्ज शिरास हा तरुणपणी रात्री होडीच्या टोकाला दिवा लावून हरणे टिपत असे. पुढे त्याने बंदूक ठेवून कॅमेरा हाती घेतला आणि वाटेवर दोरी ताणून ठेवण्याची युक्ती योजली. हरणाचा पाय दोरीला लागला की झगझगीत प्रकाश पडे आणि हरिण जणू स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढी. १९०६ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्याची ७४ छायाचित्रे छापली. आपल्या देशात संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी याच रीतीने वाघांची चित्रे मिळवली; त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये निघाले. जी वाट पूर्वी रक्ताच्या डागांनी संपत असे, ती आता चित्रापाशी संपू लागली.

सागरेश्वरहून पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्याकडे गेले की हीच पेटी मोठ्या कामाला लागलेली दिसते. साताऱ्याचे कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. मे २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्याने वाघ टिपला. डिसेंबर २०२३ मध्ये प्रकल्पात पुन्हा एक वाघ दिसला. त्याचे पट्टे आधीच्या वर्षी राधानगरीत टिपलेल्या वाघाच्या पट्ट्यांशी जुळले. पट्टे ही वाघाची स्वाक्षरीच. दोन वाघांची कधी सारखी नसते.

हरणांचा हिशेब मात्र इतका सोपा नाही. सांबराच्या किंवा भेकराच्या अंगावर अशी स्वाक्षरी नसते. एकच सांबर एका रात्रीत दहा वेळा समोरून गेले, तर चित्रे दहा होतात, सांबरे दहा होत नाहीत. एकच नोट दहा वेळा मोजल्याने गल्ला वाढत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून अभ्यासक कॅमेरा किती रात्री चालू होता आणि त्या अवधीत किती स्वतंत्र नोंदी मिळाल्या, याचे प्रमाण काढतात. त्यावरून संख्या नव्हे, तर वाढ-घट आणि वावराच्या वेळा यांचा अंदाज येतो.

हा अंदाज कशासाठी? कारण त्यावर निर्णय अवलंबून असतात. सागरेश्वरात चितळ दाटले आहेत, तर चांदोलीत वाघाला पुरेसे भक्ष्य हवे आहे. म्हणून येथील चितळ तिकडे नेण्याचा उपक्रम वनविभागाने हाती घेतला. शेतकऱ्याला त्यात दिलासा आहे. कोमल मनाला मात्र तो सलतो. ज्याला माणसाने आणले आणि जपले, त्यालाच वाघाच्या वाटेवर सोडायचे? या प्रश्नाचे उत्तर यंत्र देत नाही. पण कुंपणाआड कोंडलेला वाढता कळप आणि त्याच्यामुळे रात्रभर राखण करणारे कुटुंब, या दोहोंचे हाल ते समोर मांडते. दया करायची तर वस्तुस्थितीकडे पाठ फिरवून चालत नाही.

कॅमेरा वापरण्याचीही मर्यादा आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगी लागते. स्वतःच्या शेतात लावतानाही वनरक्षकाला कळवलेले बरे. हरिण यावे म्हणून मीठ वा धान्य टाकू नये. आमिषाने आलेल्या जनावराची नोंद खरी नसते आणि त्याची सवयही बिघडते. सरपण वेचणाऱ्या स्त्रिया किंवा वाटसरू चित्रात आले, तर ती चित्रे कोणाला न दाखवता पुसून टाकावीत. दुर्मीळ प्राणी दिसला, तर त्याची जागा जाहीर करू नये, शिकारीही वाचतात.

एवढे पथ्य पाळले, तर ही छोटी पेटी घरातल्या मुलांसाठीही चांगली शाळा ठरते. रात्री आपल्या बांधावरून कोण गेले, हे सकाळी कुटुंबाने एकत्र बसून पाहावे आणि वहीत दिनांक, वेळ, प्राणी, संख्या असे चार रकाने आखून लिहावे. वर्षअखेर ती वही उघडली, तर हरणे कोणत्या महिन्यात उतरतात, कोणत्या फटीतून येतात आणि कुंपण कोठे दुरुस्त करायला हवे, हे कोणाशी वाद न घालता कळेल. पीकही वाचेल आणि हरिणही.