सडपातळ सीडी प्लेअर : रोजच्या वापराला कितपत पुरतो?

घरातल्या जुन्या सीड्यांचे काय करायचे, हा प्रश्न आज पुष्कळ कुटुंबांपुढे आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेल्या सीड्या कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात पडून आहेत. त्या वाजवणारा डेक बिघडला, डीव्हीडी प्लेअर भंगारात गेला आणि नव्या संगणकांना तर सीडी घालण्याची सोयच बहुधा नसते. अशा वेळी कोणीतरी सुचवतो, "एखादा बारीकसा, हातात धरता येईल असा सीडी प्लेअर घ्या की!" जुन्या बाजारात असे प्लेअर मिळतात, नवेही निघाले आहेत. दिसायला देखणे, वजनाला हलके. पण नुसत्या दिसण्यावर भुलून पगारातले पैसे घालवणे कष्टकरी माणसाला परवडत नाही. म्हणून या वस्तूची पारख कशी करावी, हे आम्ही येथे मांडत आहोत.

आम्ही संगीतातले जाणकार नाही. कारकुनी पेशामुळे जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू पाहण्याची सवय मात्र आहे. एका सहकाऱ्याकडचा जुना सडपातळ प्लेअर आम्ही पंधरा दिवस वापरून पाहिला. त्या कंपनीचे नाव येथे देत नाही. इतक्या जुन्या यंत्रावरून कोणाला दोष देणे रास्त होणार नाही. त्या पंधरा दिवसांत जे ध्यानात आले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

जाडी कशी कमी झाली?

सोनी कंपनीने १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये पहिला घरगुती सीडी प्लेअर विक्रीस आणला. त्याची किंमत १,६८,००० येन होती आणि तो टेबलावर ठेवण्याचा मोठा खोका होता. पुढे याच कंपनीच्या अभियंत्यांपुढे सुमारे १३ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा आणि ४ सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा ठेवण्यात आला आणि एवढ्या आकारात यंत्र बसवा, असे सांगण्यात आले. त्यातून नोव्हेंबर १९८४ मध्ये डी-५० हा हाती नेण्याजोगा प्लेअर निघाला. किंमत ४९,८०० येन. त्याचे सेल मात्र वेगळ्या डब्यात घालावे लागत. २००२ साली कोरियातील आयरिव्हर कंपनीच्या स्लिमएक्स या प्लेअरची जाडी १६.७ मिलिमीटरवर आली. म्हणजे अठरा वर्षांत जाडी निम्म्याहून कमी झाली.

लांबी-रुंदी मात्र फारशी कमी होऊ शकली नाही. सीडी स्वतःच १२ सेंटिमीटर रुंद असते, तेव्हा यंत्र त्याहून थोडे मोठेच राहणार. सदऱ्याच्या खिशात तो मावत नाही, पिशवीतच न्यावा लागतो. राहिली जाडी. सीडी जेमतेम १.२ मिलिमीटर जाड असते. खरी अडचण सेलची. आपण घड्याळात घालतो तो पेन्सिल सेलच सुमारे १४ मिलिमीटर जाड असतो. तो पोटात घेऊन यंत्र फार बारीक करता येत नाही. म्हणून सडपातळ प्लेअरमध्ये च्युइंगगमच्या कांडीसारखे चपटे, पुन्हा भरता येणारे सेल घातले गेले. यंत्र देखणे झाले खरे, पण वापरणाऱ्याच्या अडचणीही तेथूनच सुरू झाल्या.

सेलचा जमाखर्च

पेन्सिल सेल गावच्या टपरीवरही मिळतो. चपटा सेल मात्र लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात दहा दुकाने फिरूनही मिळेलच असे नाही. जुन्या प्लेअरसोबत आलेले चपटे सेल इतक्या वर्षांत निकामी झालेले असतात. आम्ही वापरलेल्या प्लेअरचेही तसेच होते. त्याच्या सोबत दोन पेन्सिल सेल घालण्याची एक बाहेरची डबी होती, ती शेपटीसारखी जोडली तेव्हा कोठे तो बोलू लागला. डबी जोडल्यावर त्याचा सडपातळपणा कोठे राहिला, हे वाचकांनीच ठरवावे. ही डबी हरवली असती, तर प्लेअर भिंतीतल्या प्लगला कायमचा बांधला गेला असता.

आता खर्चाचा अंदाज घेऊ. समजा, सेलची एक जोडी २० तास चालते आणि घरात रोज २ तास ऐकणे होते. मग जोडी १० दिवसांत संपते. महिन्याला ३ जोड्या, वर्षाला ३६ जोड्या, म्हणजे ७० हून अधिक सेल. एवढ्या सेलांची किंमत एका बाजूला आणि चार्जरसह चार रिचार्जेबल सेलांची किंमत दुसऱ्या बाजूला लिहून पाहावी. रोज ऐकणाऱ्याने रिचार्जेबल सेल घेणेच शहाणपणाचे आहे. स्वस्तातला साधा सेल सीडी प्लेअरला लवकर दम देतो, कारण येथे मोटर फिरवायची असते आणि लेसरही चालवायचा असतो. भिंतीवरच्या घड्याळात वर्षभर चालणारा सेल येथे तसा चालणार नाही. साधे सेल मात्र कधीही चार्ज करू नयेत. ते गळतात आणि फुटूही शकतात.

अ‍ॅडॉप्टरबाबतही जपावे. कोणता प्लेअर ३ व्होल्टवर चालतो, कोणता साडेचार व्होल्टवर. शिवाय पिनच्या आतल्या भागात अधिक आहे की उणे, हेही वेगवेगळे असते. प्लेअरच्या खाचेशेजारी छापलेली खूण आणि अ‍ॅडॉप्टरवरची खूण जुळत असेल तरच तो लावावा. पिन बसली म्हणून अ‍ॅडॉप्टर चालेलच, असे समजू नये.

गाडीतले हादरे

सीडीवरचा आवाज अतिसूक्ष्म खड्ड्यांच्या एका लांबलचक चक्राकार ओळीत साठवलेला असतो. या चक्राचे फेरे इतके दाट असतात की एका मिलिमीटरमध्ये सहाशेहून अधिक बसतात. डोळ्यांना न दिसणारा लेसरचा किरण भिंगातून त्यांवर पडतो आणि परतणाऱ्या प्रकाशावरून यंत्र आवाज उभा करते. एवढ्या नाजूक कामात हादरा बसला की गाणे उडी मारणारच.

यावर उपाय म्हणून पुढे प्लेअरमध्ये स्मरणाची सोय आली. यंत्र सीडी वेगाने फिरवून पुढचा काही सेकंदांचा आवाज आधीच वाचून ठेवते. हादरा बसला तरी साठवलेला आवाज चालू राहतो आणि तेवढ्यात भिंग जागेवर येते. सुरुवातीला ही सोय थोड्याच सेकंदांची होती, नंतर ती वाढत गेली. पण वेगाने फिरण्यात सेल अधिक खर्च होतो. बंद करण्याचे बटण असेल, तर घरी बसून ऐकताना ही सोय बंद ठेवावी.

लोकलमध्ये बसायला जागा मिळाली आणि प्लेअर मांडीवर आडवा राहिला, तर आमचे ऐकणे व्यवस्थित झाले. उभ्याने गर्दीत मात्र पिशवी दाबली जाऊन पातळ झाकणावर दाब आला आणि गाणे अडले. जाड झाकणाचा प्लेअर असा दाब थोडा तरी सोसतो. बटणे चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून ‘होल्ड’ची कळ असते, ती प्रवासात लावून ठेवावी.

कोणती सीडी वाजेल?

खरेदीपूर्वी सर्वांत आधी हे पाहावे, असे आमचे सांगणे आहे. आपल्या डब्यात सगळ्या सीड्या एका जातीच्या नसतात. काही साध्या गाण्यांच्या असतात. त्यांत मुळात ७४ मिनिटांच्या आसपास गाणी मावतात. चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या परिसरातील स्टॉलवरून आणलेल्या भीमगीतांच्या पुष्कळ सीड्या एमपी३ असतात. ७०० एमबीच्या सीडीवर नेहमीच्या १२८ च्या दराने सुमारे १२ तासांची गाणी मावतात, म्हणजे पाच मिनिटांचे एक धरले तर दीडशेच्या घरात. जुना, केवळ साधी सीडी वाचणारा प्लेअर ही एमपी३ सीडी वाजवणार नाही. व्हीसीडी आणि डीव्हीडी तर आकाराने सारख्या दिसल्या तरी या यंत्रात चालत नाहीत. तेव्हा डबा उघडून कोणत्या जातीच्या किती आहेत ते कागदावर मांडावे. एमपी३ जास्त निघाल्या, तर एमपी३ वाचणाराच प्लेअर पाहावा.

आवाज आणि कान

सीडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा केलेली असते. प्लेअर जाड असो वा बारीक, ही नोंद तीच राहते. कानाला जो फरक कळतो, त्याचा मोठा वाटा इअरफोनचा असतो. तेव्हा महागड्या प्लेअरपेक्षा बऱ्यापैकी इअरफोनवर थोडे पैसे घालणे बरे. पारख सोपी आहे : ढोलकीचा ठेका सुटा ऐकू यावा आणि गायकाचा शब्द न् शब्द कळावा. गाणे थांबल्यावर कानात सळसळ राहू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. गाडीच्या खडखडाटात आपण नकळत आवाज वाढवतो आणि मुले तर हमखास वाढवतात. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो : रस्ता ओलांडताना आणि रुळांच्या आसपास दोन्ही कानांतले इअरफोन काढलेच पाहिजेत. घरातला कमावता माणूस गाण्याच्या नादात गेला, तर त्या घराचे काय होईल याचा विचार करावा.

शिवाय इअरफोनने ऐकतो तो एकटाच. साऱ्या घराने मिळून ऐकायचे तर स्पीकर जोडावा लागतो, तो खर्चही धरावा. आमच्या शेजारच्या सत्तरीच्या मावशींच्या हाती आम्ही हा प्लेअर दिला. त्याची बारीक बटणे त्यांना दिसेनात आणि बोटांनी दबेनात. वयस्कर माणसासाठी घेत असाल, तर बटणे त्यांनाच दाबायला लावून पाहा.

घेताना काय तपासावे?

जुना प्लेअर घेताना आपली एक साधी आणि एक एमपी३ सीडी बरोबर न्यावी. पहिले गाणे आणि शेवटचे गाणे, दोन्ही वाजवून पाहावीत. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे भिंग कडेपर्यंत सरकते की नाही ते शेवटच्या गाण्यावरून कळते. सेलच्या खणात पांढरी किंवा हिरवी बुरशीसारखी पूड दिसली, तर सेल गळलेला आहे असे समजावे. झाकणाची बिजागरी, इअरफोनची खाच, बाहेरची डबी आणि अ‍ॅडॉप्टर पाहून घ्यावेत. उघड्या झाकणातून चालू भिंगाकडे डोळा लावून पाहू नये.

नवे प्लेअरही मिळतात. चीनच्या फिओ कंपनीने २०२४ साली डीएम१३ हा प्लेअर काढला; त्यात ब्लूटूथची सोय आहे. आतच बसवलेली बॅटरी मोबाइलच्या चार्जरसारख्या वायरने भरायच्या यंत्रांत सेलची कटकट नाही, पण ती बॅटरीही काही वर्षांनी थकणारच. ती बदलून मिळेल का आणि एमपी३ सीडी वाजेल का, हे दोन प्रश्न पावती फाडण्यापूर्वीच विचारावेत.

आमचे मत

ज्या घरात सीड्या नाहीत, त्यांनी या भानगडीत पडू नये. गाणी ऐकायला हातातला मोबाइल पुरेसा आहे. ज्यांच्याकडे सीड्या पुष्कळ आहेत, जाहिरात आणि नेटपॅक नको आहे, त्यांना हे यंत्र उपयोगाचे आहे. पण त्यांनीही चार मिलिमीटर जाड चालेल, पेन्सिल सेलवर चालणारा आणि मोठ्या बटणांचा प्लेअर निवडावा. सडपातळपणा दुकानातल्या काचेपलीकडे शोभतो. घरात रोज लागतो तो मिळणारा सेल आणि दबणारे बटण.

तिसरी गोष्ट प्लेअरहून महत्त्वाची आहे. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, विठ्ठल उमप २०१० साली. नामवंतांचे आवाज कोठे ना कोठे जपले जातील. पण गावच्या जलशात गाणारा गायक, आजोबांचे भाषण, आईने लग्नात म्हटलेली गाणी, ही घरी भरलेल्या एखाद्याच सीडीवर असतील, तर दुसरीकडे ती मिळणार नाहीत. घरी भरलेल्या सीडीतला रंगाचा थर ऊन, उष्णता आणि काळ यांनी बिघडतो. नावाची बाजू आपण बिनधास्त घासतो, पण आवाज धरणारा चकचकीत पापुद्रा त्याच बाजूला अगदी वर असतो. म्हणून तिच्यावर बॉलपेनने लिहू नये, कागद चिकटवू नये. पुसायची झाल्यास मऊ फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये.

अशा सीड्यांसाठी प्लेअर घेण्याआधी संगणकाला बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह कोणाकडून तरी उसना आणावा आणि त्यांच्या दोन प्रती करून दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. येत्या रविवारी तो पत्र्याचा डबा खाली काढा. साध्या, एमपी३ आणि घरी भरलेल्या असे तीन ढीग करा. तिसऱ्या ढिगाचे काम आधी उरका. प्लेअरचा विचार नंतरही करता येईल.