परदेशी ट्रॅकवर स्वतःची गाडी ठोकली, तर बिल कोण भरणार?

मीरा रोडहून स्वतःच्या गाडीने युरोप गाठायचा बेत असेल, तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या: आपली मोटार पॉलिसी भारतापुरतीच असते. जादा प्रीमियम भरूनही तिची हद्द नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपलीकडे जात नाही. जर्मनीत भारतीय गाडीला वेगळा 'सीमा विमा' लागतो. तोही दुसऱ्याच्या नुकसानीपुरता. आपल्या गाडीची दुरुस्ती आपल्याच खिशातून.

खरी मेख न्यूरबर्गरिंगवर आहे. रील्समधला हा २०.८ किमीचा ट्रॅक पर्यटकांसाठी उघडतो, तेव्हा तो कायद्याने एकेरी टोल रस्ता असतो. साहजिकच, विमा चालेल असे वाटते. पण अनेक कंपन्या शर्यतीच्या ट्रॅकवरचा वापर पॉलिसीतच वगळतात. गार्डरेल वाकले, तर त्याचे आणि गाडी ओढून नेण्याचे बिल चालकाच्या नावावर येते.

भारतातही वेगळे नाही. खासगी कारच्या पॉलिसीत 'ऑर्गनाइझ्ड रेसिंग'बरोबर 'स्पीड टेस्टिंग'ही वगळलेले असते. त्यामुळे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 'ही शर्यत नाही, नुसता ट्रॅक डे' म्हटले, तरी दावा नाकारायला दुसरा शब्द उरतोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० नुसार तिसऱ्या व्यक्तीच्या दाव्यातही कंपनी हा बचाव घेऊ शकते. (घोडबंदर रोडवर रात्री रेस लावणाऱ्यांसाठी कलम १८९ आहे, तो वेगळा विषय.)

ट्रॅकवर जायचेच असेल, तर त्या ट्रॅकचे नाव लिहून कंपनीला ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या. एजंटचे 'होऊन जाईल' दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.