घोडवाटांचं नॉर्को

नॉर्कोमध्ये रस्ता ओलांडताना सिग्नलच्या खांबावर दोन बटणं दिसतात. एक नेहमीच्या उंचीवर, दुसरं चालणाऱ्याच्या डोक्याच्याही वर. वरचं बटण घोडेस्वारासाठी, म्हणजे त्याला खोगिरावरून उतरायला नको.

कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला रिव्हरसाइड काउंटीतलं हे जेमतेम २६ हजार वस्तीचं शहर स्वतःला 'हॉर्सटाउन यूएसए' म्हणवतं. बिरुदात थोडा देखावा आहेच. नव्या दुकानांनी जुन्या वेस्टर्न सिनेमातल्यासारखा चेहरा ठेवावा, असा पालिकेचा आग्रह असतो. त्यात मला फारसा रस नाही. खरी करामत जमिनीच्या नियमांत आहे.

रेक्स क्लार्कने १९२३ मध्ये लहान शेतकरी आणि कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी इथे प्लॉट विकायला काढले. त्याच्या नॉर्थ कोरोना लँड कंपनीवरून गावाचं नाव पडलं. १९२९ मध्ये त्याने तलावाकाठी आलिशान नॉर्कोनियन क्लब उघडला, पण लगेच मंदी आली. पुढे तिथे नौदलाचं रुग्णालय झालं आणि नंतर त्याच आवारात तुरुंग!

आजूबाजूची शेतं कॉलन्यांनी गिळायला सुरुवात केली, तेव्हा १९६४ मध्ये नॉर्कोने स्वतंत्र शहराचा दर्जा घेतला. बहुतेक घरांना किमान अर्धा एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस गुंठे जागा हवीच. त्यामुळे परसात तबेला मावतो. बऱ्याच रस्त्यांना फूटपाथ नाही. त्याजागी पांढऱ्या कठड्याची घोडवाट असते, कारण डांबरावर नाल घसरतात. अशा वाटा मिळून शंभर किलोमीटरहून जास्त भरतात. दुकानांबाहेर घोडा बांधायचे दांडे आहेत. इतक्या जनावरांची लीद उचलायची कटकट अर्थात आहेच. शेजारून सांता आना नदी वाहते, पावसाच्या पाण्याबरोबर ती घाण तिच्यात जाऊन चालत नाही.

घोड्याला इथे पोटापाण्याचं काम आता फारसं नाही. तो हौसेचा आहे, आणि वीस गुंठ्यांची ही हौस महागडी आहे. त्यात राज्य सरकार प्रत्येक शहराकडे जादा घरांसाठी जागा मागतं. नॉर्कोही त्यातून सुटलेलं नाही. तिकडे जाणं झालंच, तर टोप्या-बुटांच्या दुकानांत वेळ घालवू नका. संध्याकाळी एखाद्या साध्या गल्लीत फिरा, आणि घोडा समोरून आला तर वाट त्याची आहे, एवढं ध्यानात ठेवा.