लाजेपायी लपवलेला आजार

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यांतून शेकडो बाया कांडी भरतात, शिलाई करतात, घड्या घालून पॅकिंग करतात. तासन्‌तास एका जागी बसायचे काम. अशा वेळी नकळत वारा सरला, कपड्याला शौचाचा डाग लागला, तर बाई कुणाला सांगणार? ती दुपारचा डबा टाळते, पाणी कमी पिते, लग्नकार्याला जात नाही. हळूहळू नमाजही सुटते, कारण ‘वुजू टिकतच नाही.’

भगिनींनो, अशा तुम्ही एकट्या नाही. जगभरातल्या पाहण्यांनुसार साधारण दर 12 प्रौढांमागे एकाला हा त्रास असतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो थोडा जास्त आढळतो. बाळंतपणात, विशेषतः चिमटा लावून झालेल्या, गुदद्वाराभोवतीचा स्नायू फाटू शकतो. त्याचा परिणाम कधी कधी चाळिशी-पन्नाशीनंतर दिसतो. जुनाट बद्धकोष्ठ, सततचे जुलाब, मधुमेह, मूळव्याधीचे ऑपरेशन हीही कारणे आहेत.

यावर इलाज आहे. आधी बद्धकोष्ठ किंवा जुलाब आटोक्यात आणावे लागतात. वारा रोखताना आवळतो तसा स्नायू आवळून काही सेकंद धरावा, मग सैल सोडावा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, काही महिने नेटाने करावे. कारखान्यात बसल्या जागीही हे जमते, शेजारणीला कळतसुद्धा नाही. एवढ्याने भागले नाही तर औषधे आहेत, गरज पडल्यास शस्त्रक्रियाही आहे. ईएसआय कार्ड असेल तर त्या दवाखान्यात, नाहीतर सिव्हिलमध्ये जा आणि लेडी डॉक्टर मागा. शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल तर उशीर करू नका. पाय अचानक बधिर झाले किंवा लुळे पडले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता नमाजचे. हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांनी न थांबणाऱ्या रक्तस्रावाची तक्रार खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे मांडली. त्यांना नमाज सोडायला सांगितले गेले नाही; प्रत्येक नमाजसाठी वुजू करायला सांगितले गेले. हनफी फिकहमध्ये एका नमाजची पूर्ण वेळ सरेपर्यंत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही उसंत मिळाली नाही, तर ती व्यक्ती ‘माजूर’ ठरते. मग प्रत्येक वेळेला एकदा वुजू करून नमाज अदा करता येते. त्रास अधूनमधून होत असेल तर वुजू पुन्हा करावा. आपल्या बाबतीतला मसला आलिमांना विचारून घ्यावा.

हया ईमानचा भाग आहे खरा, पण त्या सहाबिया महिलेने प्रश्न विचारायला हया आड येऊ दिली नाही. सासूबाईंनी सुनेला, मुलीने अम्मीला एवढेच विचारावे: “काही त्रास आहे का? चल, मी येते तुझ्यासोबत.”