पगार अडलाय? भांडायच्या आधी फोन काढा

सात तारीख गेली, दहा गेली, पंधरा उजाडली. ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं, "पाहू ना भाऊ, वरून बिल निघालं की टाकतो." किन्हीराजातून ट्रॅव्हल्समध्ये बसून चाकण, रांजणगावला कामाला गेलेल्या पोरांना हे वाक्य नवं नाही. मालेगावात दुकानावर किंवा हायवेच्या धाब्यावर राबणाऱ्यांनाही नाही. मग होतं काय, तर दोन महिने वाट पाहायची, एक दिवस शिव्या घालायच्या, बॅग भरायची आणि गावी यायचं. पैसे तिथंच राहतात.

तुमच्यावर ही वेळ आली असेल तर शिव्या थोडा वेळ राहू द्या. कामाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो ना, ज्यावर सुपरवायझर शिफ्ट टाकतो? भांडण झालं की तो पहिल्यांदा तुम्हाला त्या ग्रुपमधून काढणार. म्हणून त्याच्या आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. गेटपास आणि आयकार्डचा फोटो घ्या, हजेरीच्या रजिस्टरचाही मिळाला तर उत्तमच. आधीचे पगार फोनपेवर आले असतील तर ती यादी जपा. पीएफ कापला जात असेल तर पासबुकात कंपनीचं किंवा ठेकेदाराचं नाव असतं, आणि ते कोणी पुसू शकत नाही. यातलं काहीच नसेल तर साध्या वहीत रोजची तारीख आणि तास लिहा, सोबत काम करणाऱ्या दोघांचे नंबर घ्या.

"आपल्याकडं तर कागदच नाही, कोण ऐकणार?" असं म्हणून बरेच जण सोडून देतात. इथंच गडबड होते. देशात 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 लागू झाली. तिच्यात स्पष्ट लिहिलंय की पगार न मिळाल्याचा दावा झाला, तर पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. तुम्ही तिथं काम करत होता, एवढं मात्र तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. वरचे स्क्रीनशॉट त्यासाठीच.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत. "नोटीस न देता गेला, आता विसर पैसे," हे चालत नाही. दंड म्हणून कापायचं म्हटलं तरी त्या पगाराच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त कापता येत नाही. (इंटर्नच्या स्टायपेंडला हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. तो विषय माझाही आहे, पण पुन्हा कधीतरी.)

ठेकेदारानं हात वर केले, तर ज्या कंपनीत काम केलं तिच्यावर ती जबाबदारी येते. मधल्या माणसानं पैसे खाणं तसं जुनंच. दिल्लीत 1982 च्या एशियाडची बांधकामं चालू होती, तेव्हा मजुरांच्या 9 रुपये 25 पैसे रोजातला एक रुपया जमादार काढून घेत. एका संघटनेनं न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिलं, त्या पत्राचीच याचिका झाली. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे वेठबिगारी, असं सुप्रीम कोर्टानं सांगितलं. ठेकेदाराकडं बोट दाखवून सरकारलाही सुटता आलं नाही.

आता करायचं काय? आधी एक साधं पत्र. कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत काम केलं, किती रुपये बाकी, किती दिवसांत हवेत. मराठीत लिहा, वकिली भाषा नको. ठेकेदार आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. व्हॉट्सॲपवरही टाका, निळ्या खुणा उपयोगी पडतात.

तरी हालचाल नसेल तर कामगार कार्यालयात अर्ज. इथं किन्हीराजाच्या पोरांची अडचण होते, कारण अर्ज साधारणपणे जिथं काम केलं तिथल्या कार्यालयात जातो. काम जिल्ह्यात केलं असेल तर वाशीम, चाकणला केलं असेल तर पुणे. म्हणून जमलं तर बॅग भरायच्या आधीच तिथं अर्ज देऊन पोच घ्या. चार-पाच जणांचे पैसे अडकले असतील तर सोबत जा. एकट्याला "साहेब नाहीत" म्हणून परत पाठवतात, पाच जणांना बसायला सांगतात.

अधिकारी बाकी पगाराशिवाय दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा आदेश काढू शकतो. मालकानं तरी दिले नाहीत, तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. तीन महिन्यांत निकाल लागावा अशी अपेक्षा कायद्यात आहे, पण फक्त अपेक्षा. चकरा माराव्या लागतील, त्याची तयारी ठेवा. वकील परवडत नसेल तर 15100 वर फोन करा. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळू शकतो.

आणि मागच्या वर्षी रागारागात सोडून आलेले पैसे? दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. जुना फोन अजून घरात असेल तर चार्जिंगला लावा.